इंदूरात ८०-९० हजारांचं लोन हवंय, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) काहीच नाही, कुठून घ्यावं?

सुदामानगर_डबा

नमस्कार सगळ्यांना. इथे कुणी बँकेतले असतील किंवा स्वतः लोन घेतलेले असतील तर प्लीज नीट सांगा, घरात रोज याच विषयावर चर्चा चाललीय आणि ठरत काहीच नाहीये.

मी सुदामा नगरला राहते, घरून डबे देते. बहुतेक मुलं भंवरकुआंच्या कोचिंगची, पीएससीची तयारी करणारी, आणि थोडे ऑफिसवाले. आत्तापर्यंत घरच्याच शेगडीवर निभावलं पण आता डबे वाढलेत, मुलं मित्रांना घेऊन येतात आणि मला नाही म्हणावं लागतं. डीप फ्रीजर, मोठी दोन बर्नरची भट्टी आणि कणीक मळायचं मशीन असं धरून ८०-९० हजार लागतील. मिस्टर सियागंजमध्ये एका दुकानात हिशेब बघतात, पगार रोख मिळतो, स्लिप वगैरे काही नाही.

बँकेत गेले तर तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि बोलली, मॅडम आपका तो सिबिल ही नहीं है, पर्सनल लोन नहीं हो पाएगा. म्हणजे आयुष्यात कधी कुणाचं उधार ठेवलं नाही त्याची ही शिक्षा का? आता पर्याय असे आहेत की मिस्टरांच्या ओळखीचे एकजण शेकडा ५ ने देतात, महिन्याचे. मोबाईलवर रोज मेसेज येतात की ५ मिनिटांत १ लाख, फक्त आधार-पॅन टाका. आई म्हणते भिशीतून उचल. आणि आमच्याकडे भांड्याला येते ती म्हणते तिच्या वस्तीत बायकांचा ग्रुप करून लोन देतात, त्यात या.

अजून एक अडचण. जिथे जावं तिथे कागद इंग्रजीत. मी हिंदी-मराठी व्यवस्थित वाचते, इंग्रजी अडखळत. घर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून त्यांना सोबत घ्या असं एकाने सांगितलं, पण त्या म्हणतात जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही. आणि मला त्यांचं पटतं.

तर सेफ कुठलं आणि ओळखायचं कसं, आणि हे सिबिल शून्यातून तयार कसं करतात, दोन्ही सांगा.

जेलरोडचे_काका

ताई, मी सरकारी बँकेतून रिटायर झालोय, बरीच वर्षं लोनच्या टेबलावर होतो, म्हणून सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी मनातून एक गोष्ट काढा. सिबिल नसणं आणि सिबिल खराब असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, तुमच्याकडे स्कोअरच नाही कारण तुमच्या नावावर कधी लोन किंवा कार्ड नव्हतं, रिपोर्टमध्ये एनएच किंवा उणे १ असं दिसतं, म्हणजे हिस्टरी नाही इतकंच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलेलं आहे की पहिल्यांदा लोन घेणाऱ्याचा अर्ज निव्वळ हिस्टरी नाही म्हणून परत करू नये. बँक बाकी गोष्टी बघेल, उत्पन्न बघेल, फेडण्याची ताकद बघेल, आणि त्यावर नाही म्हणू शकते, तो तिचा हक्क आहे. पण काउंटरवर तोंडी नाही ऐकून घरी येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा फाईल आत मॅनेजरपर्यंत जाते.

दुसरं म्हणजे, तुम्हाला पर्सनल लोन हवंच कशाला? तुम्ही धंद्यासाठी सामान घेताय. पर्सनल लोन हे पगारदाराच्या स्लिपवर चालणारं प्रकरण आहे आणि महागही पडतं. तुमच्यासाठी लहान धंद्यांची सरकारी मुद्रा योजना आहे. ५० हजारांपर्यंत शिशु, त्याच्यावर ५ लाखांपर्यंत किशोर, काहीही गहाण लागत नाही, सासूबाईंच्या घराचा प्रश्नच येत नाही. फ्रीजर आणि भट्टीचं दुकानातून कोटेशन घ्या, बँक बहुतेक वेळा पैसे सरळ दुकानदाराला देते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ५० हजारांचं शिशु घ्या, त्यात फ्रीजर आणि भट्टी बसवा, मशीन पुढच्या वर्षी. लहान लोन वेळेवर फेडलेलं असलं की पुढचं मागताना आवाज वेगळा असतो.

त्याआधी उद्यमचं, म्हणजे लहान धंद्याचं सरकारी, रजिस्ट्रेशन करा, आधार-पॅनवर होतं, सरकारी पोर्टलवर अगदी फुकट आहे, कुणी पैसे मागत असेल तर ती वेबसाइट दुसरीच आहे. डब्याचं काम आहे म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणीही करून ठेवा.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. मुलं पैसे यूपीआयने देत असतील ना, तर तो क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे?

सुदामानगर_डबा

काका खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. क्यूआर मिस्टरांच्या खात्याचा आहे, सुरुवातीला त्यांच्याच मोबाईलवर सेट केला होता तोच चालू आहे. का, त्याने काय फरक पडतो?

जेलरोडचे_काका

सगळाच फरक पडतो ताई. कष्ट तुमचे, धंदा तुमचा, आणि बँकेच्या नजरेत तो पैसा त्यांचा. तुमच्या पासबुकात वर्षभर काहीच हालचाल नाही, मग ऑफिसरने तुमचं उत्पन्न कशावरून मानायचं? आजच स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावा, रोख आलेले पैसेही दर आठवड्याला खात्यात भरा, आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट तयार होऊ द्या. स्लिप नसलेल्या माणसाची स्लिप म्हणजे हेच स्टेटमेंट. आपल्या समाजातल्या कितीतरी बायकांचे पापड, लोणची, डबे, ब्लाऊज शिवणं सगळं नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्यात जमा होतं आणि पन्नाशीला त्यांच्या नावावर कागदाचा तुकडा नसतो, हे मी टेबलावर बसून बघितलंय आणि मला ते कायम लागलंय.

भाषेचं सांगतो, ते फार महत्त्वाचं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नवीन रिटेल आणि लहान धंद्याच्या मुदती लोनला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, केएफएस म्हणतात त्याला. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स सगळं धरून वर्षाचा खरा खर्च किती टक्के पडतो ते एका आकड्यात असतं, तो एपीआर. हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक असतं, तक्रार कुणाकडे करायची ते असतं. आणि हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा, समजावून सांगायचा, आणि समजला अशी सही घ्यायची, असा नियमच आहे. केएफएसमध्ये न लिहिलेला चार्ज तुमच्या स्पष्ट परवानगीशिवाय मागून लावता येत नाही. तर बिनधास्त बोला की केएफएस हिंदीमध्ये द्या. इंदूरात हिंदीची कॉपी मिळायला अडचण नसावी, मराठीची मिळाली तर उत्तमच. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्या म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे.

आणि फ्लॅट रेटपासून सांभाळा, त्यात मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवरच लावतात. १ लाख, २ वर्षं, १४ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता साधारण ४,८०० येतो. तेच १४ टक्के फ्लॅट असेल तर हप्ता ५,३३३, आणि तो घटत्या शिलकीच्या हिशेबाने २५ टक्क्यांच्या आसपास पडतो. दोघंही तोंडाने १४ च म्हणतील. म्हणून टक्का विचारू नका, एपीआर विचारा. शेकडा ५ महिन्याचे म्हणजे वर्षाचे ६० टक्के होतात, ९० हजारांवर महिन्याला ४,५०० नुसतं व्याज आणि मुद्दल तिथल्या तिथे. त्या माणसाकडे जाऊ नका.

मल्हारगंज_२४

काकांनी बँकेचं सांगितलं, मी ॲपचं सांगतो कारण माझ्या मावसभावाबरोबर झालंय. त्याने मेसेजमधल्या लिंकवरून ॲप टाकलं, प्ले स्टोअरवर नव्हतंच ते, १० हजार मंजूर दाखवले आणि हातात आले साडेसहा, बाकी फी म्हणे, आणि सात दिवसांत पूर्ण १० परत. सातव्या दिवशी सकाळपासून फोन, मग त्याच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना फोन, त्याच्या ऑफिसच्या सरांना फोटो एडिट करून पाठवला. पोरगा दोन दिवस जेवला नाही, आत्या-मामी सगळ्यांना मेसेज गेले होते. आम्ही सायबर हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, सगळे स्क्रीनशॉट जोडले, आणि घरच्या सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की असे मेसेज येतील, घाबरू नका, उत्तर देऊ नका. घरच्यांना सांगितल्यावर त्याचा अर्धा जीव परत आला खरं, कारण त्या लोकांचं सगळं भांडवल म्हणजे आपली लाज.

ओळखायचं असं. कुठलंही कायदेशीर ॲप स्वतः लोन देत नाही, त्याच्या मागे बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) असते आणि तिचं नाव ॲपमध्ये लिहिलेलं असावं लागतं. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर यादी आहे की कोणतं ॲप कोणत्या बँक-एनबीएफसीशी जोडलेलं आहे, तिथे नाव शोधा. यादीत नाव आहे म्हणजे व्याज स्वस्त आहे असं नाही बरं का, फक्त मागे खरी कंपनी आहे एवढं कळतं, आणि यादीतली माहिती त्या कंपन्यांनीच भरलेली असते. पैसे कंपनीच्या खात्यातून सरळ तुमच्या खात्यात यायला हवेत आणि हप्ताही सरळ कंपनीला जायला हवा, मधल्या कुणाच्या यूपीआयवर नाही. ॲपने कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग मागितले की तिथेच काढून टाका, नियमाने त्यांना त्याला हात लावताच येत नाही. कॅमेरा आणि लोकेशन केवायसीपुरतं एकदा मागू शकतात. आणि डिजिटल लोनला कूलिंग ऑफ असतो, कमीत कमी एक दिवस, त्यात मन बदललं तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय परत करता येतं, केवायसी-प्रोसेसिंगचा वाजवी खर्च मात्र कापू शकतात.

आणि लोन मिळायच्या आधी फी मागणारा, म्हणजे पहले १,५०० फाईल चार्ज भर दो, तो चोरच समजा. मुद्राच्या नावाने पण शिक्के मारलेलं अप्रूव्हल लेटर व्हॉट्सॲपवर येतं, पंतप्रधानांचा फोटो असतो, लोक फसतात. मुद्रा फक्त बँक किंवा एनबीएफसी, मायक्रोफायनान्स अशा संस्थांतूनच होतं, एजंट लागतच नाही.

रामबागची_सून

ताई मी भिशीवाली, म्हणून भिशीची बाजू मांडते. आमची भिशी सासूबाईंच्या काळापासून चालू आहे, सगळ्या ओळखीच्या, कुणी बुडवलं असं झालं नाही, आणि अडीअडचणीला जो हात मिळतो तो बँक देत नाही. दोन लग्नं आणि एक ऑपरेशन मी त्यातून निघालेलं बघितलंय. पण तुमचा प्रश्न सिबिल तयार करायचा आहे आणि भिशीचा एक रुपयाही सिबिलला दिसत नाही, २० वर्षं वेळेवर भरा, कागदावर काहीच नाही. शिवाय बोलीची भिशी असेल, म्हणजे जी जास्त रक्कम सोडेल तिला आधी उचल, आणि तुम्हाला गरज आहे हे सगळ्यांना माहीत असेल तर तुम्ही जास्त सोडून उचलाल, तो तोटा हिशेबात धरा. माझं म्हणणं, भिशी ठेवा पण मशीनच्या डाऊन पेमेंटसाठी, मुख्य लोन स्वतःच्या नावावर बँकेतून.

वस्तीतल्या ग्रुपचं म्हणाल तर ते मायक्रोफायनान्स. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी असतं, गहाण नाही, आणि ते सिबिलसारख्या कंपन्यांकडे रिपोर्ट होतं म्हणजे रेकॉर्ड तयार होतो. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये असा नियम आहे. पण व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त, आणि ग्रुपमधली एक बाई चुकली की बाकीच्यांवर दबाव येतो, मीटिंगमध्ये तिचा हप्ता भरेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत. आमच्या इथल्या एकीच्या डोळ्यात पाणी आलेलं मी पाहिलंय, हप्ता तिचा नव्हता, शेजारणीचा होता. म्हणून ग्रुप निवडताना कोण कोण आहे ते बघूनच.

मी स्वतः काय केलं ते सांगते. बँकेत २५ हजारांची एफडी केली आणि त्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. एफडीवरच्या कार्डाला पगाराची स्लिप मागत नाहीत, लिमिट एफडीच्या ७५ ते ९० टक्के, जशी बँक, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. त्यावर फक्त किराणा आणि लाईटबिल, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. मिनिमम ड्यूच्या, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरायच्या, नादी लागायचं नाही, कार्डाचं व्याज महिन्याला ३ ते साडेतीन टक्के असतं. साधारण सहा महिन्यांनी स्कोअर दिसायला लागला.

अजून एक, नावाचं बघून घ्या. आपल्यात मधे नवऱ्याचं नाव लावतात, इथल्या हिंदी ऑफिसांत फक्त नाव-आडनाव लिहितात, माहेरचं पॅन वेगळंच, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक आय कुठे दोन ई. माझं आधार, पॅन आणि बँक तिन्हीकडे नाव वेगळं होतं. असं असलं की रेकॉर्ड नीट जुळत नाही, दुसऱ्याच कुणाचं लोन आपल्या रिपोर्टमध्ये दिसू शकतं. आधी तिन्ही एकसारखं करा, मग अर्ज करा.

जेलरोडचे_काका

रामबागच्या ताईंचा नावाचा मुद्दा अगदी खरा आहे, माझ्या टेबलावर आपल्या लोकांच्या निम्म्या फाईली तिथेच अडायच्या.

त्याला जोडून सांगतो. सिबिल ही एक कंपनी झाली, तशा चार आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्याच वेबसाइटवरून काढा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, लोक उगाच घाबरतात. कमी होतो तो एकाच महिन्यात दहा ठिकाणी अर्ज टाकल्याने, कारण प्रत्येक बँकेची चौकशी नोंदली जाते. रिपोर्टमध्ये चूक असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे.

आणि कुणालाही जामीन राहताना विचार करा. त्याने हप्ता चुकवला तर डाग तुमच्याही रिपोर्टवर लागतो. दिरासाठी, मेव्हण्यासाठी भिडेखातर सही केलेली आणि मग स्वतःचं घराचं लोन अडलेली माणसं मी पाहिली आहेत, भला माणूस, पै न पै फेडणारा.

पाटनीपुरा_पोहे

मी ठेला लावतो, पोहे-जलेबीचा. ज्यांचा ठेला किंवा फेरी आहे त्यांच्यासाठी स्वनिधी ही सरकारी लोनची योजना आहे, नगर निगममधून होतं. मी पहिले १० हजार घेतले, फेडले, मग २० मिळाले. आता पहिलं लोन १५ हजारांचं झालंय, दुसरं २५, तिसरं ५०. वेळेवर भरलं की ७ टक्के व्याजाची सबसिडी खात्यात येते. दुसरं फेडून झालं की यूपीआयवालं रुपे क्रेडिट कार्ड पण देतात आता. ताईंचं घरून आहे म्हणून त्यांना बहुतेक बसणार नाही, पण वाचणाऱ्यांत कुणी ठेलेवाला असेल म्हणून लिहिलं. फेडलं की बँकेकडून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, नक्की मागून घ्या, मी मागितलं तेव्हाच दिलं.

सुदामानगर_डबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, क्यूआर काल माझ्या खात्याचा लावला, मुलांना ग्रुपवर कळवलं. पॅनवर माझं माहेरचं नाव आहे, ते आधी बदलायला टाकतेय.

दोन शंका राहिल्या. थोडे दागिने आहेत, सहा महिने थांबायचं नसेल तर गोल्ड लोन घ्यावं का? आणि बँकेने लेखी अर्जाला पण उत्तरच दिलं नाही तर?

जेलरोडचे_काका

गोल्ड लोन वाईट नाही, बँकेतून घेतलं तर पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं, स्लिप लागत नाही, आणि रिपोर्टलाही येतं. पण हप्त्याचं घ्या, वर्षाच्या शेवटी एकरकमी भरायचं घेऊ नका, एकरकमीत लोक व्याजच भरून पुन्हा पुन्हा रिन्यू करतात आणि दागिना लॉकरमध्येच राहतो. वजन आणि कॅरेट तुमच्यासमोर करून घ्या, पावतीवर प्रत्येक नग लिहिलेला हवा, मंगळसूत्र वाटी धरून किती, बांगड्या किती, सगळं. आणि सगळेच दागिने ठेवू नका, फ्रीजर-भट्टीपुरते ठेवा. सहा महिने थांबायचं नसेल तर मी म्हणेन आत्ता छोटं गोल्ड लोन, सोबत क्यूआरचं स्टेटमेंट तयार होऊ द्या, आणि सहा-आठ महिन्यांनी मशीनसाठी मुद्राचा अर्ज.

उत्तर आलं नाही तर आधी बँकेच्याच तक्रार विभागात लेखी द्या आणि तक्रार नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन करून हिंदीत विचारता येतं. अर्ज देताना झेरॉक्सवर शाखेचा शिक्का आणि तारीख मात्र घ्यायला विसरू नका, त्याशिवाय अर्ज दिला होता हे दाखवायला तुमच्या हातात काही राहत नाही.

कोटेशन मिळालं की सांगा, कुठली कागदपत्रं कशी लावायची ते बघू. सासूबाईंना फोनवर काही विचारायचं असेल तर मेसेजमध्ये नंबर देतो, मराठीतच बोलू.